बीजप्रक्रिया केलेले बियाणे आयात करताना: ऑर्डर देण्याआधीपासून उरलेल्या पिशवीपर्यंत

परदेशातून येणाऱ्या मका, सूर्यफूल, टोमॅटो, कांदा किंवा गाजराच्या बियाण्यावर बहुतेक वेळा लाल, निळा किंवा हिरवा थर असतो. त्या थरात बुरशीनाशक असते, कधी कीटकनाशक, कधी दोन्ही. आयातदार बियाण्याची कागदपत्रे नेटाने जमवतो: परवाना, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा निर्यात करणाऱ्या देशाचा सरकारी दाखला), उगवणीचा दाखला. वरच्या थराची आठवण मात्र माल बंदरावर अडकल्यावर होते. कायद्याच्या दृष्टीने त्या पिशवीत दोन वस्तू आहेत, पेरणीचे बियाणे आणि त्यावर चिकटलेले कीडनाशक, आणि दोन्हींना आत येण्याचा हक्क वेगवेगळा सिद्ध करावा लागतो. बियाण्याचा एखादा कागद राहिला तर मागवता येतो. दाण्यावर बसलेले औषध काढून टाकता येत नाही. म्हणून औषधाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायचा.

बहुतेक देशांत ही तपासणी तीन वेगळ्या कायद्यांखाली होते. प्लांट क्वारंटाइनचा कायदा विचारतो, बियाण्याबरोबर परकी कीड, रोग किंवा तण येत नाही ना. बियाणे कायदा विचारतो, उगवण, शुद्धता आणि लेबल बरोबर आहे ना. कीडनाशक कायदा विचारतो, दाण्यावरचे औषध इथे या कामासाठी मान्य आहे का. भारतात क्वारंटाइनचा २००३ चा आयात आदेश, १९६६ चा बियाणे कायदा आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा अशी ही वाटणी आहे, आणि बियाणे कायद्याचे कलम १७ अधिसूचित जातींच्या आयातीला थेट लागू होते. एका कार्यालयाचा होकार दुसऱ्या कार्यालयावर बंधनकारक नसतो. क्वारंटाइनचा परवाना हातात आहे म्हणून औषधही चालेल, हे गृहीत धरल्यामुळेच बरेचसे माल अडकतात.

पहिले काम: दाण्यावर काय आहे, ते लेखी मागवणे

विक्रेत्याच्या कोटेशनवर "स्टँडर्ड ट्रीटमेंट" किंवा नुसते "ट्रीटेड" लिहिलेले असते. यावर काहीही ठरवता येत नाही. ऑर्डरपूर्वी प्रत्येक लॉटसाठी एक पत्रक मागा आणि त्यात पुढची माहिती आहे का ते पाहा: पिकाचे शास्त्रीय नाव आणि वाण, लॉट नंबर, बियाणे कोणत्या देशात पिकले, औषध कोणत्या देशात लावले, औषधाचे व्यापारी नाव, त्यातल्या प्रत्येक सक्रिय घटकाचे (प्रत्यक्ष कीड किंवा बुरशी मारणाऱ्या रसायनाचे) सर्वमान्य नाव आणि प्रमाण, औषधाचा प्रकार (एफएस म्हणजे बियाण्यासाठीचे दाट द्रावण, डब्ल्यूएस म्हणजे पाण्यात कालवून लावायची भुकटी, डीएस म्हणजे कोरडी भुकटी), मात्रा, लावल्याची तारीख, रंग, चिकटवणारा पॉलिमर आणि हजार दाण्यांचे वजन.

"प्रत्येक सक्रिय घटक" यावर आग्रह धरा. मक्याच्या एका थरात फ्लुडिऑक्सोनिल, मेटॅलॅक्सिल-एम, थायाबेंडाझोल आणि त्यांच्यासोबत एक कीटकनाशक असे चार घटक सहज असतात. चारपैकी तीन मान्य आणि एक अमान्य असेल तर संपूर्ण लॉट अमान्य ठरतो.

मात्रेचा हिशेब स्वतः करून पाहणेही गरजेचे आहे. काही देशांत मर्यादा किलोमागे ग्रॅममध्ये असते, तर बियाणे कंपन्या दाण्यामागे मिलिग्रॅममध्ये बोलतात. समजा, मक्याच्या दाण्यावर ०.२५ मिलिग्रॅम सक्रिय घटक आहे. हजार दाण्यांचे वजन ३२० ग्रॅम असेल तर किलोत ३,१२५ दाणे बसतात आणि किलोमागे औषध होते सुमारे ०.७८ ग्रॅम. त्याच वाणाचा बारीक दाण्याचा लॉट आला आणि हजार दाण्यांचे वजन २५० ग्रॅम निघाले, तर किलोत ४,००० दाणे बसतात आणि औषध नेमके १ ग्रॅम होते. दाण्यावरची मात्रा बदललेली नाही, तरी किलोमागची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. हजार दाण्यांचे वजन लॉटनुसार मागायचे, ते यासाठी.

दुसरे काम: ते औषध, त्या पिकावर, बीजप्रक्रियेसाठी मान्य आहे का

इथे प्रश्न नीट विचारावा लागतो. "हे कीडनाशक आपल्याकडे नोंदलेले आहे का" हा प्रश्न अपुरा आहे. पानांवर फवारण्यासाठी मान्य असलेले औषध बियाण्याला लावण्यासाठी मान्य असेलच असे नाही, आणि मक्याच्या बियाण्यासाठी मान्य असलेले सूर्यफुलासाठी असेलच असेही नाही. नोंदणी यादीत तीन गोष्टी एकाच ओळीत जुळल्या पाहिजेत: घटक व त्याचा प्रकार, पीक आणि वापराची रीत.

वेगवेगळ्या देशांनी हा नियम वेगवेगळ्या शब्दांत बांधला आहे. अमेरिकेत औषध लावलेल्या बियाण्याला कीडनाशक म्हणून वेगळी नोंदणी लागत नाही, पण ही सवलत त्यावरचे औषध तिथे त्याच वापरासाठी नोंदलेले असेल तरच मिळते. युरोपीय संघाच्या २००९ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमावलीत कलम ४९ आहे. एखादे औषध त्या बियाण्यासाठी किमान एका सदस्य देशात मान्य असेल, तर दुसऱ्या सदस्य देशाने त्या बियाण्याची विक्री आणि पेरणी रोखू नये, असे ते सांगते. मात्र गंभीर धोका दिसला तर बंदी घालण्याचा मार्गही त्याच कलमात मोकळा ठेवला आहे. त्यामुळे एका देशासाठी जुळवलेली कागदपत्रे तशीच उचलून दुसऱ्या देशासाठी वापरू नका.

मान्यता कोणत्या तारखेची पाहायची? ऑर्डरच्या दिवसाची नव्हे. माल पोचण्याच्या आणि पेरणीच्या दिवशी ती टिकून असायला हवी. युरोपीय संघाने थायरम या बुरशीनाशकाची मान्यता २०१८ मध्ये काढून घेतली आणि थायरम लावलेल्या बियाण्याची विक्री व वापर ३१ जानेवारी २०२० पासून बंद केला. त्या तारखेनंतर गोदामातले बियाणे उगवणीला कितीही चांगले असले तरी तिथे पेरता येत नव्हते. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर तिथे २०१८ मध्ये बंद केला गेला. भारतात मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड हे जुने पारायुक्त औषध २०१८ च्या आदेशाने बंद झाले. एखाद्या घटकाचा फेरविचार चालू असल्याचे कळले तर त्या घटकाचे बियाणे दोन हंगामांचे एकदम मागवू नका.

आंतरराष्ट्रीय करारांची यादीही एकदा नजरेखालून घाला. लिंडेन आणि हेक्झाक्लोरोबेंझीन ही एकेकाळची नेहमीची बीजप्रक्रियेची औषधे आज स्टॉकहोम कराराखाली (निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरचा करार) आहेत. रॉटरडॅम कराराच्या (धोकादायक रसायने पाठवण्याआधी आयातदार देशाची संमती घेण्याचा करार) यादीत बेनोमिल, कार्बोफ्युरान आणि थायरम यांची एक भुकटी आहे, जी भुईमुगाच्या बियाण्यासाठी वापरली जात असे. जुना साठा स्वस्तात मिळतो तेव्हा हीच नावे कागदावर दिसण्याची शक्यता जास्त असते.

औषध जुळले नाही तर सर्वांत सरळ मार्ग हा: तेच वाण प्रक्रिया न केलेले मागवायचे आणि इथे आल्यावर मान्य औषधाने प्रक्रिया करून घ्यायची. याला थोडा वेळ लागतो, यंत्र लागते, पण कायद्याचा गुंता सुटतो आणि मात्रा आपल्या हाती राहते. दुसरा मार्ग म्हणजे विक्रेत्याकडून वेगळे, मान्य औषध लावून घेणे. मोठ्या ऑर्डरला विक्रेते तयार होतात, पण पुढच्या हंगामासाठी. लहान प्रमाणातल्या संशोधन-चाचणीसाठी काही देश स्वतंत्र परवानगी देतात, पण त्या परवानगीवर आलेले बियाणे विकता येत नाही. आणि "नोंदणीचा अर्ज करून टाकू" हा पर्याय बियाणे आयातदाराचा नाहीच. त्याला विषारीपणा, अवशेष आणि पर्यावरणाची वर्षानुवर्षांची चाचणी-माहिती लागते, आणि ती औषध बनवणाऱ्या कंपनीकडेच असते.

कधी कधी पेच उलटा पडतो. क्वारंटाइनच्या अटीत ठराविक बुरशीनाशकाची प्रक्रिया सांगितलेली असते आणि कीडनाशक यादीत त्या पिकासाठी ते औषध नसते. अशा वेळी दोन्ही कार्यालयांना एकच पत्र, एकमेकांचा उल्लेख करून, ऑर्डरपूर्वी पाठवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नका.

तिसरे काम: क्वारंटाइन

परवाना माल निघण्याआधी हवा. बियाण्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी २०१७ चे आयएसपीएम ३८ हे (वनस्पती-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी एक) मानक आहे आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटसाठी आयएसपीएम १२. सर्टिफिकेटवर प्रक्रियेचा वेगळा रकाना असतो: तारीख, प्रक्रियेचा प्रकार, रसायन, कालावधी व तापमान, प्रमाण. परवान्याच्या अटीत प्रक्रिया सांगितली असेल तर हा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. तिथे व्यापारी नाव नव्हे, सक्रिय घटकाचे नाव लिहून घ्या.

सर्टिफिकेटचा मसुदा सही होण्याआधी मागवा आणि परवान्याशेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहा. चुका ठरलेल्या जागी होतात. शास्त्रीय नाव अर्धवट असते. लॉट नंबरमधला एखादा आकडा पिशवीशी जुळत नाही. परवान्यात सांगितलेली अतिरिक्त घोषणा (ठराविक रोग-किडींपासून माल मुक्त असल्याचे सर्टिफिकेटवरचे विधान) विक्रेत्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली असते. आणि उगमदेश चुकतो, ही सर्वांत महागात पडणारी चूक. बियाणे चिलीत पिकते, नेदरलँड्समध्ये साफ होऊन प्रक्रिया होते आणि तिथूनच निघते. मग कागदावर नेदरलँड्स उगमदेश म्हणून लागतो. रोगाचा धोका मात्र जिथे पीक उभे होते तिथला मोजला जातो. अशा मालाला बहुधा मूळ सर्टिफिकेटची प्रमाणित प्रत आणि पुनर्निर्यातीचे सर्टिफिकेट, असे दोन्ही लागतात.

बुरशीनाशक लावले म्हणजे बियाणे निरोगी, हा समज तोडायला हवा. टोमॅटो आणि मिरचीच्या बियाण्यातून जाणाऱ्या टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरसवर बुरशीनाशकाचा काडीचाही परिणाम नाही. तिथे प्रयोगशाळेची चाचणीच लागते. ही चाचणी औषध लावण्याआधी काढलेल्या नमुन्यावर करून घ्या, कारण औषध आणि रंग काही चाचण्यांत अडथळा आणतात. गोळी केलेल्या (जाड थर देऊन गोल केलेल्या) बियाण्यात तर तपासनीसाला दाणाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक लॉटचा प्रक्रिया न केलेला नमुना विक्रेत्याकडून मोहोरबंद करून मागवा.

उगवणीचा दाखला

इस्टाचे (आंतरराष्ट्रीय बियाणे चाचणी संघटनेचे) नारिंगी सर्टिफिकेट पूर्ण लॉटसाठी असते, कारण नमुना मान्यताप्राप्त यंत्रणेने लॉटमधून काढलेला असतो. निळे सर्टिफिकेट फक्त पाठवलेल्या नमुन्याबद्दल बोलते. ऑर्डरमध्ये कोणते हवे ते लिहा.

प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या उगवण चाचणीत एक फसगत नेहमी होते. चाचणीत शंभर-शंभर दाण्यांचे चार भाग, असे ४०० दाणे घेतात. ओल्या कागदावर ठेवल्यावर औषध कागदात उतरते, कोंबाभोवती साचते आणि मुळे आखूड, जाड, टोकाशी बोथट दिसू लागतात. अशी रोपे "विकृत" म्हणून मोजली जातात आणि चांगला लॉट नापास होतो. मातीत औषध पसरते, शोषले जाते, म्हणून तिथे हा परिणाम दिसत नाही. अशी लक्षणे दिसली तर त्याच तापमानाला वाळूत किंवा मातीच्या मिश्रणात फेरचाचणी मागा. वाळूतही मुळे तशीच निघाली तर मात्रा खरोखर जास्त झाली आहे किंवा बियाणे औषधासह फार दिवस साठून राहिले आहे.

रंग आणि लेबल

या बाबतीत नियम कडक का आहेत, याचे उत्तर इराकमध्ये आहे. १९७१ च्या शरद ऋतूत तिथे मिथिल मर्क्युरी लावलेले गहू आणि बार्लीचे बियाणे आयात झाले. पिशव्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत होत्या. कवटीचे चिन्ह तिथल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे नव्हते. बऱ्याच भागांत धान्य पेरणी उरकल्यावर पोचले. लोकांनी ते धुतले, लाल रंग गेला, आणि रंगाबरोबर विषही गेले असे समजून भाकरी केली. पारा दाण्यातच राहिला होता. ६,५३० लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यातले ४५९ दगावले. त्याआधी १९५० च्या दशकात तुर्कस्तानात हेक्झाक्लोरोबेंझीन लावलेला बियाण्याचा गहू खाण्यात येऊन हजारो लोकांना पोर्फिरिया (त्वचा आणि यकृताला इजा करणारा आजार) झाला होता, त्यात लहान मुले मोठ्या संख्येने होती.

म्हणून लेबल ही आयातीतली शेवटची औपचारिकता नाही. अमेरिकेत विषारी औषध लावलेल्या धान्याच्या बियाण्याला उठून दिसणारा रंग देणे सक्तीचे आहे, आणि लेबलवरची प्रक्रियेची माहिती आठ पॉइंटपेक्षा लहान अक्षरांत चालत नाही. भारताच्या १९६८ च्या बियाणे नियमांत चार गोष्टी येतात: बियाण्यावर प्रक्रिया केली आहे हे विधान, लावलेल्या पदार्थाचे प्रचलित रासायनिक नाव, अन्न, पशुखाद्य किंवा तेलासाठी वापरू नये ही सूचना, आणि पाऱ्यासारख्या जहाल पदार्थांसाठी ठळक लाल अक्षरांत "विष". युरोपात औषधाचे आणि सक्रिय घटकांचे नाव, सुरक्षिततेची प्रमाण वाक्ये आणि पर्यावरणासाठीच्या खबरदारीच्या सूचना लेबलवर आणि सोबतच्या कागदांत लागतात.

प्रत्यक्षात करायचे ते असे. लेबलचा मजकूर पेरणाऱ्याच्या भाषेत आधी तयार करा आणि शक्यतो विक्रेत्याकडूनच पिशवीवर छापून घ्या. शिवलेला टॅग निखळतो, पावसात कागदी स्टिकर सुटते, छापलेला मजकूर राहतो. दहा किलोची पिशवी फोडून शंभर ग्रॅमची पाकिटे करणार असाल तर प्रत्येक पाकिटावर तोच संपूर्ण मजकूर आला पाहिजे. सूचना मोठ्या पिशवीवर होती, हे उत्तर चालत नाही. विषबाधा झाल्यास डॉक्टरला घटकाचे नाव लागते. ते पाकिटावरच हवे.

धूळ

२००८ च्या वसंतात जर्मनीत वरच्या ऱ्हाइन खोऱ्यात मक्याच्या पेरणीवेळी सुमारे ११,५०० मधमाश्यांच्या वसाहतींचे नुकसान झाले. बियाण्यावर क्लोथियानिडिन होते, पण ते नीट चिकटलेले नव्हते. घासून निघालेली धूळ हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणी यंत्रांनी बाहेर फेकली आणि ती शेजारच्या फुलोऱ्यावर बसली. त्यानंतर ह्यूबाख चाचणी प्रचारात आली. ठराविक बियाणे फिरत्या पात्रात घासून निघालेली धूळ तोलतात. मक्यासाठी जर्मनीने एक लाख दाण्यांमागे ०.७५ ग्रॅम ही मर्यादा धरली. आपल्या देशात मर्यादा असो वा नसो, कीटकनाशक लावलेल्या मक्यासाठी हा आकडा करारात टाका. पिशवीच्या तळाशी रंगीत भुकटी दिसणे याचा अर्थ औषध दाण्यावर नाही, गोदामातल्या माणसाच्या फुप्फुसात जाणार आहे.

कस्टम्स आणि बंदर

औषध लावले तरी माल कस्टम्सच्या वर्गवारीत कीडनाशकांच्या ३८०८ या शीर्षकाखाली जात नाही. तो बियाणेच राहतो. पण सगळे बियाणे १२०९ मध्ये घालण्याची सवय चुकीची आहे. मक्याचे बियाणे १००५.१० मध्ये, भात १००६.१० मध्ये, सोयाबीन १२०१.१० मध्ये, सूर्यफूल १२०६ मध्ये. भाजीपाल्याचे बियाणे बहुतेक १२०९ मध्ये येते, पण कडधान्य-शेंगवर्गातल्या भाज्या आणि स्वीट कॉर्न त्यातून वगळलेले आहेत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट आणि पिशवी या चारही ठिकाणी वर्णन एकच हवे: "पेरणीसाठी, बीजप्रक्रिया केलेले". इन्व्हॉइसवर नुसते "मका" लिहिले की माल धान्य म्हणून तपासला जातो, आणि धान्यात औषध सापडणे हे फार गंभीर प्रकरण होते.

क्लिअरिंग एजंटला आणि नमुना काढणाऱ्याला माल प्रक्रिया केलेला आहे, हे आधी कळवा. हातमोजे आणि धुळीचा मास्क तयार ठेवा. जिवंत कीड सापडली तर धुरी देण्याचा आदेश निघतो. मिथिल ब्रोमाइड या धुरीच्या वायूने उगवण घटू शकते, विशेषतः बियाण्यात ओलावा जास्त असेल, धुरी लांबली असेल किंवा दुसऱ्यांदा दिली जात असेल तर. म्हणून ओलाव्याचा अहवाल सोबत ठेवा, त्याऐवजी फॉस्फीन वायू चालेल का ते विचारा, आणि धुरीनंतर उगवण पुन्हा तपासल्याशिवाय विक्री करू नका.

साठा, सांडलेले दाणे आणि उरलेला माल

धान्य, पेंड किंवा पशुखाद्याच्या छपराखाली हे बियाणे ठेवू नये, वेगळ्या कोपऱ्यातही नाही. हे बियाणे वाहून नेलेल्या ट्रकमध्ये परतीला धान्य भरायचे असेल तर आधी ट्रक पूर्ण झाडून घ्या. रिकाम्या पिशव्या कापून टाका, कारण चांगली विणलेली पिशवी कुठेतरी धान्य भरायला वापरली जातेच. पेरताना बांधावर सांडलेले दाणे मातीआड करा. रंगीत दाणे पक्षी टिपतात.

हंगाम संपल्यावर उरलेल्या बियाण्याचे काय, हे ऑर्डर देतानाच ठरवायला हवे. ते बाजारात धान्य म्हणून विकता येत नाही, जनावरांना घालता येत नाही, उकिरड्यावर टाकता येत नाही. अमेरिकेत नेब्रास्कातल्या मीड गावाजवळ एका इथेनॉल कारखान्याने उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे कच्चा माल म्हणून वापरले. औषध उरलेल्या चोथ्यात आणि सांडपाण्यात साचत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने कारखाना बंद करायला लावला. म्हणून करारात दोन कलमे घाला. न विकलेला, न फोडलेला माल विक्रेता किती मुदतीत परत घेईल, हे एक. आणि औषधाच्या किंवा सर्टिफिकेटच्या चुकीमुळे माल नाकारला गेला तर परत पाठवण्याचा किंवा अधिकृत भट्टीत जाळण्याचा खर्च कोणाचा, हे दुसरे. यासाठी विक्रेत्याने ऑर्डरपूर्वी दिलेले ते पहिले पत्रक, त्याच्या सही-शिक्क्यासह, कराराला जोडून ठेवा.